शेजारधर्माची ड्यूटी

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या २६ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ऑगस्टपासून ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या निवासात ‘कम्युनिटी असोसिएट’ आहे. म्हणजे विद्यार्थ्यांमध्येच राहायचं, सुमारे ९० जणांकडे लक्ष ठेवायचं, नव्यांना रुळवायचं, महिन्याला दोन कार्यक्रम घ्यायचे, आठवड्यातली एक रात्र आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार ड्यूटीचा फोन उशाशी ठेवायचा. बदल्यात खोलीचं महिना ११५० डॉलर भाडं माफ. करारात आठवड्याचे १२ तास लिहिलेत, तिचे २५ जातात. पेपर रखडला म्हणून गाईड नाराज आहेत. आई फोनवर म्हणते, “कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?” मजल्यावरची दोन भारतीय मुलं स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधून स्वयंपाक करतात आणि “आपलीच माणसं ना, रिपोर्ट नको करूस” म्हणतात. शिवाय एक मराठी शेजारी नऊ दिवसांपूर्वी रात्री साडेअकराला दार वाजवून आला. प्रयोगशाळेत रोज अपमान होतो, जेवण जात नाही, “सगळं संपलं तर बरं” असं बोलून गेला आणि जाताना कुणाला सांगणार नाहीस असं वचन घेऊन गेला. तिने सांगितलेलं नाही. ती विचारते: त्याचा विश्वास मोडू का? त्या दोघांची तक्रार करू का? हे पद सोडू का? आणि शेवटी, “भाडं वाचावं म्हणून मी हे काम घेतलं, मग माझा आपलेपणा खरा कसा म्हणायचा?”

प्रिय मैत्रिणी,

तुझे चार प्रश्न एका वजनाचे नाहीत. पहिल्याचं उत्तर छापून येईपर्यंत थांबण्याजोगं नव्हतं, म्हणून ते पत्र मिळाल्याच दिवशी तुला मेलने कळवलं. इथे पुन्हा लिहिते, कारण अशा पदावर असलेल्या, आणि नुसतेच चांगले शेजारी असलेल्या, पुष्कळांना ते कधी ना कधी लागेल.

“सगळं संपलं तर बरं” हे वाक्य ऐकल्यावर गुपित गुपित राहत नाही. त्याच्याकडे जा आणि सरळ विचार: “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती आपल्याकडे घट्ट बसलेली आहे आणि ती चुकीची आहे. विचारल्याने माणसाला उलट मोकळं वाटतं, कारण इतके दिवस तो ते एकटाच वागवत असतो. उत्तर काहीही आलं तरी त्याच दिवशी निवास विभागाच्या ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला कळव. शक्य असेल तर त्याच्या देखत, त्याला शेजारी बसवून फोन लाव. आता या क्षणी धोका आहे असं वाटलं तर ९११ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक. आणि अमेरिकेत जुलै २०२२पासून ९८८ हा आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीचा देशभराचा क्रमांक आहे. तो कोणत्याही वेळी लावता येतो, आणि धोक्यात असलेल्यानेच नव्हे, त्याची काळजी वाटणाऱ्यानेही लावता येतो. तू स्वतः तो लावू शकतेस.

वचनाबद्दल तुला फार अपराधी वाटतंय. पण त्या रात्री त्याने तुझं दार का वाजवलं? त्याच मजल्यावर त्याचे मित्र राहतात, तुझ्याच पत्रात आहे. तो तुझ्याकडे आला, कारण तुझ्या दारावर त्या पदाची पाटी आहे. कुणालातरी कळावं असं त्याच्यातल्या एका भागाला वाटत होतं. वचन मागणारा भाग घाबरलेला होता. तू नऊ दिवस त्या घाबरलेल्या भागाचं ऐकलंस, आता दुसऱ्याचं ऐक.

तो घाबरतोय कशाला, हे मी अशा मुलांशी बोलून पुरेपूर ओळखते. व्हिसा जाईल, गाईडला कळेल, घरी कळेल. एकेक बघू. समुपदेशकाकडे गेल्याने व्हिसा जात नाही. उलट विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या एफ-१ व्हिसाच्या नियमातच सोय आहे, की डॉक्टर किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाच्या शिफारशीने आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या परवानगीने अभ्यासक्रमाचा भार कमी करता येतो, गरज पडली तर पूर्णही थांबवता येतो. एका पदवीच्या टप्प्यावर एकूण बारा महिन्यांपर्यंत. परवानगी मात्र आधी घ्यावी लागते. गाईडचं म्हणशील, तर समुपदेशन केंद्रातलं बोलणं प्रयोगशाळेत जात नाही. घरी कळवण्याबाबतही विद्यापीठावर कायद्याची बंधनं असतात, अपवाद साधारण जिवाच्या धोक्याचा. हे तिन्ही मुद्दे तू त्याला सांगू शकतेस, आणि त्याच्या भाषेत सांगू शकतेस. तो समुपदेशक कितीही चांगला असला तरी “आईला काय सांगू” या वाक्यातलं ओझं त्याला तुझ्याइतकं कळणार नाही. तुझं खरं काम तिथवरचं आहे. त्यापुढचं त्यांचं.

आता पुढच्या वेळेसाठी एक सवय लाव. कुणी “तुला एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नकोस” असं म्हणालं, की तिथेच हात वर कर. “थांब, आधी माझं ऐक. काही गोष्टी कळल्या तर मला वर सांगाव्याच लागतात. त्या कोणत्या ते सांगते, मग तू ठरव.” वाक्य कोरडं वाटेल, पण ते आधी म्हटलं तर प्रामाणिकपणा आणि नंतर म्हटलं तर दगा. मारहाण, लैंगिक छळ, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा, हे बहुतेक विद्यापीठांत तुझ्यासारख्यांनी कळवायचंच असतं. यातल्या गुन्ह्यांबाबतच्या नियमामागे एक दुःखद इतिहास आहे. १९८६ साली पेन्सिल्वेनियात लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाच्या १९ वर्षांच्या मुलीचा तिच्या वसतिगृहाच्या खोलीत बलात्कार करून खून झाला. तिच्या आईवडिलांनी धरलेल्या पाठपुराव्यातून १९९०चा कायदा आला, आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती विद्यापीठाने दडवायची नाही, असा त्याचा गाभा. विद्यार्थी-निवासाची जबाबदारी असलेल्यांना त्या साखळीत धरलं जातं, ते म्हणून. तू भरतेस तो कंटाळवाणा फॉर्म कुणाच्या तरी लेकीमुळे आलेला आहे.

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. तू पुण्यात वसतिगृहात राहिलीस. आपल्या डोक्यात वसतिगृह म्हटलं की रेक्टर उभे राहतात: दहाचं गेट, रजेचा अर्ज, “कुठे होतात?” तुझ्या पत्रात दोनच चित्रं आहेत, कळवलं तर मी रेक्टर आणि नाही कळवलं तर मी आपली. तू या दोन्हींपैकी कुणीच नाहीस. तू जिथे राहतेस तिथे तिशीतले संसारी लोक आहेत, तान्ही बाळं आहेत, सहा महिन्यांसाठी गावाहून आलेले आईवडील आहेत. त्यांना रेक्टर नकोय आणि आईही नकोय. त्यांना हवी आहे शेजारीण, जिला कुठला फोन कुठे लावायचा हे माहीत आहे. आपल्याकडे याला शेजारधर्म म्हणतात. तुझ्या बाबतीत त्याची ड्यूटी लागते आणि ती ठरलेल्या वेळी संपते, एवढाच फरक.

हे लक्षात ठेवून त्या दोघांच्या पिशवीकडे बघ.

मला त्यांचा राग येत नाही. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि अलार्म वाजला, की अख्खी इमारत रात्री बर्फात उभी राहते. अंगावर रजई घेतलेली कोरियन मुलगी, बाळाला जॅकेटच्या आत धरलेला बाप, आणि सगळ्यांच्या नाकात आपल्या फोडणीचा ठसका. ती शरम मी भोगली आहे. त्या शरमेपोटी पिशवी बांधली जाते, बेफिकिरीपोटी नाही. म्हणून आधी शरमेवर उपाय दे. कढई मागच्या बर्नरवर, तेल तापायच्या आधी एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी, फोडणीवर लगेच झाकण, आणि सुकी मिरची परतायची असेल तर धूर निघेपर्यंत तेल तापवायचं नाही. डिटेक्टर स्वयंपाकाच्या फारच जवळ असेल तर जागा बदलून मिळावी असा अर्ज तूच लिहून दे.

पण पिशवी आज निघाली पाहिजे. तू समोर उभी राहा, त्यांना स्टुलावर चढायला लाव आणि काढायला लाव. आणि तुझ्या नियमपुस्तकात हे कळवायचं लिहिलं असेल, बहुधा असतंच, तर त्यांना सांगून कळव. “आपलीच माणसं” हा युक्तिवाद मनातून काढून टाक. वरच्या मजल्यावरच्या चिनी विद्यार्थ्याने पिशवी बांधली असती तर तू काय केलं असतंस? जे केलं असतंस तेच इथे. त्या भिंतीपलीकडे जे झोपलेत तेही तुझीच माणसं आहेत, त्या ९० जणांत तेही आले. दोघं महिनाभर तुझ्याशी बोलणार नाहीत कदाचित. तेवढं सोस.

आता तुझा सगळ्यात खोल प्रश्न. भाडं माफ होतं म्हणून केलेलं काम खरं कसं?

नर्सला पगार असतो. शाळेतल्या बाईंना पगार असतो. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवलेला त्यांचा हात खोटा असतो का? मोबदला घेऊन केलेली माया हलकी आणि फुकट केलेली तेवढी खरी, ही समजूत आपल्या घरांतून आली आहे. घरातल्या बाईने जन्मभर फुकट केलं तेच प्रेम, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. त्या समजुतीचाच परिणाम म्हणजे तुझे २५ तास. भाड्याबद्दल अपराधी वाटतं म्हणून तू करारापेक्षा दुप्पट देतेस, जणू फेड करतेस. हिशोब मांडून बघ. ११५० डॉलर महिना आणि आठवड्याचे १२ तास म्हणजे तासाला २२ डॉलर. २५ तास केलेस की साडेदहा. तू स्वतःचा दर निम्म्यावर आणला आहेस आणि तुला तसं करायला कुणी सांगितलेलं नाही.

हे काम म्हणजे काम आहे, हे म्हणणारी तू पहिली नाहीस. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवरच्या निवासी सहायक विद्यार्थ्यांनी २००२ साली आपली कामगार संघटना उभी केली. तास किती, मोबदला किती, काढून टाकायचं तर कोणत्या कारणाने, हे कागदावर असावं एवढंच त्यांचं म्हणणं. त्याआधीचा काळ वेगळा होता. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने नदीकाठचं एक जुनं हॉटेल विकत घेऊन १९३८मध्ये तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं घर थाटलं, तेव्हा त्यांच्यात राहणारे ॲव्हरी ॲशडाउन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे त्या घराला त्यांचंच नाव मिळालं. प्राध्यापकाची नोकरी पक्की असते, प्रबंध लिहून झालेला असतो. आज स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी २०२०मध्ये उघडलेल्या एकाच निवास-संकुलात सुमारे २४०० जण राहतात, आणि त्यांच्यात वावरायचं काम तुझ्यासारख्यांकडे असतं, ज्यांचा स्वतःचा पेपर रखडलेला आहे. म्हणून म्हणते, तास मोजणं हा कद्रूपणा नाही.

तुझ्यासाठी तर तो कायद्याचाही प्रश्न आहे, आणि पत्रात तू त्याचा उल्लेखसुद्धा केलेला नाहीस याची मला काळजी वाटली. एफ-१वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, सगळी कामं मिळून. तुझी टीचिंग असिस्टंटशिप किती तासांची आहे? ती अर्धवेळची, म्हणजे २० तासांची असेल, तर वरचे १२ कुठे बसतात? भाडं माफ होणं हाही मोबदलाच. काही विद्यापीठं अशा पदासाठी वेगळी व्यवस्था करतात, काही असिस्टंटशिप कमी करायला लावतात. शेजारच्या सीनियरने “काही होत नाही गं” म्हटलं हे उत्तर धरू नकोस. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मेल कर आणि लेखी उत्तर जपून ठेव. हे पद घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याने हा मेल करार सही करण्याआधी करावा. त्याच मेलमध्ये भाडेमाफीवर कर लागतो का तेही विचारून घ्यावं.

दुसरा लेखी प्रश्न निवास विभागाला: वर्षाच्या मध्ये पद सोडलं तर खोलीचं काय? या नोकरीत ही मोठी गोम आहे. नोकरी गेली की छप्परही जातं, कधीकधी थोड्याच दिवसांत. जानेवारीच्या थंडीत, परदेशात. रागाच्या भरात राजीनामा टाकण्याआधी हे उत्तर हातात हवं.

मी स्वतः वीस वर्षांपूर्वी असंच पद सांभाळलं आहे, तिकडच्याच एका विद्यापीठात. पहिल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या मुलाचे वडील नागपुरात वारले. तिकीट मिळेपर्यंतची रात्र मी त्याच्याबरोबर स्वयंपाकघरात बसून काढली, आणि त्याचा मला आजही आनंद आहे. तो परत आला आणि रोज रात्री येऊ लागला. अकरा, साडेअकरा. मला नाही म्हणता येईना. त्याचं दुःख माझ्या परीक्षेपेक्षा मोठं होतं, मग मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? तिसऱ्या आठवड्यापासून मी साडेदहाला दिवा मालवायला लागले. दाराखालच्या फटीतून उजेड दिसू नये म्हणून. अंधारात पलंगावर पाय वर घेऊन बसायचे, बाहेर त्याची पावलं यायची, थांबायची, परत जायची. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा तो आलाच नाही. “मंगळवारी आणि शुक्रवारी नऊला ये, आणि मधल्या दिवशी समुपदेशन केंद्रातल्या या बाईंशी बोल” एवढं मी म्हणाले असते तर तो ऐकणारा मुलगा होता.

तुझं दार चोवीस तास उघडं आहे असं तू अभिमानाने लिहिलं आहेस. माझं ऐकशील तर आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते नऊ, दार खरोखर उघडं ठेव, चहा ठेव, वेळ दारावर लिही. ड्यूटीची रात्र तुझी. बाकीच्या वेळी कुणी आलं तर दारातच विचार, “तातडीचं आहे का?” तातडीचं असेल तर सगळं सोडून जा. नसेल तर “आज ड्यूटीवर कोण आहे तो नंबर हा, आणि मी गुरुवारी आहेच.” किल्ली आत राहिली, पार्सल सापडत नाही, रूममेट भांडी घासत नाही, ही सगळी तातडीची नाहीत. भांड्यांवरून मात्र माणसं वर्षभर अबोला धरतात, म्हणून रूममेटांना सप्टेंबरमध्येच एकत्र बसवून कोण काय करणार ते लिहून घेत जा. तुझे निम्मे तास तिथेच वाचतील.

कार्यक्रमांवरही तू जीव टाकतेस असं दिसतं. दिवाळीला पाच भाज्या एकटीने केल्यास. पुढच्या वर्षी साहित्य विद्यापीठाच्या पैशातून आण आणि सहा जणांना चिरायला बसव. अनोळखी माणसं कांदा चिरताना जितकं बोलतात तितकं ताट हातात घेऊन बोलत नाहीत.

गाईडशी बोलणं टाळू नकोस. त्यांना आता फक्त एवढंच दिसतंय की तू थकलेली येतेस. ड्यूटीच्या तारखा आणि पेपरचा मसुदा कधी देणार ती तारीख, दोन्ही एका मेलमध्ये पाठव. आणि ती तारीख पाळ.

आईचं राहिलं. त्यांना भाकऱ्यांचा राग नाही, लेक उपाशी राहून भाजतेय याचा आहे. तिथे त्या बरोबर आहेत. पण ११५० डॉलर वाचतात हा आकडा त्यांना कधी सांगितलास का? माझ्या मते नसशील. सांग.

आणि पद सोडायचं का? आत्ता नको. पुढच्या वर्षासाठीचा अर्ज फेब्रुवारीत भरायचाय म्हणतेस, म्हणजे हातात सहा-सात आठवडे आहेत. आजपासून एक साधी वही घाल. रोज रात्री दोन ओळी: किती वेळ गेला, कशात गेला, आणि तो करारातला होता की तुझ्या पदरचा. वर लिहिलेल्या वेळा पाळूनही आकडा १५-१६च्या खाली येत नसेल, तर दोष तुझा नाही, कामच दोघांचं आहे. मग वरिष्ठांना ती वही दाखव, माणूस वाढवून मागून बघ, आणि नाहीच जमलं तर मेपर्यंत पूर्ण करून सन्मानाने बाजूला हो. तिसऱ्या वर्षी प्रबंधाचा खरा डोंगर सुरू होतो, तेव्हा भाडं भरून शांत झोपणं परवडेल का याचाही हिशोब आत्ताच करून ठेव. आकडा १२च्या आसपास आला तर अर्ज भर. तुझ्यासारखी मुलगी त्या मजल्यावर असणं मला त्या ९० जणांसाठी हवं आहे.

सदर छापायला जाताना तुझा दुसरा मेल मिळाला. तो शेजारी तयार झाला, तुम्ही दोघं मिळून फोन केलात, आणि पहिल्या भेटीच्या वेळी तू बाहेर बाकावर तासभर पेपर तपासत बसलीस. तो तास वहीत लिही.

तुझी,
ताई